मिस बूथरॉइडचा सर्वांत थोराड विद्यार्थी

सप्टेंबर संपता संपता बालशाळेतून माझ्या दारात एक खोकं आलं आणि माझं पित्त खवळलं.

आमच्या थॉर्नक्लफ गावात दर वर्षी सुगीचा सण होतो. बालशाळेतली चिल्लीपिल्ली घरून काहीतरी खायचं आणतात, चॅपेलमधल्या टेबलावर मांडतात, सुराशी काडीचंही नातं नसलेली गाणी म्हणतात, आणि मग तो सगळा जिन्नस खोक्यांत भरून गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटला जातो. माझी बायको एडना होती तोवर आमच्या घरूनही न चुकता एक डबा जायचा. देणाऱ्यांतून उचलून मला घेणाऱ्यांत कुणी नेऊन बसवलं, देव जाणे. दोन पोरं आणि त्यांच्यामागे एक आई अशी वरात दारात आली, अर्धं कडवं म्हटलं, खोकं ठेवलं आणि पळाली. वर चिकटवलेल्या कागदावर गव्हाच्या ओंब्या काढल्या होत्या. मला तर ते दाढीचे ब्रश वाटले.

आत मटार, सार्डिन, अननस, तांदळाची खीर. सगळं पत्र्याच्या बंद डब्यांत. आता असा डबा उघडायचा तर एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. माझा डावा हात एप्रिलमधल्या अर्धांगाच्या झटक्यापासून नुसता सोबतीला लोंबत होता. मी दोन दिवस त्या डब्यांकडे पाठ करून जेवलो. मग खोकं पिशवीत कोंबलं आणि परत करायला शाळेकडे निघालो.

मी कसा माणूस आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी विल्फ्रेड क्राउदर. उभं आयुष्य लोकरीच्या गिरणीत जॉबर म्हणून काढलं. माग बिघडला की विणणारी बाई हात वर करायची आणि मी पाना घेऊन जायचो. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही सगळे ओठांवरून बोलायचो. आवाज न काढता ओठ मोठमोठे हलवायचे, आणि समोरच्याने ते वाचायचे. तर हात वर करायचा दुसऱ्यांनी आणि जायचं मी, ही माझ्या आयुष्याची रीत. गिरणी बंद पडली, एडना गेली, मला झटका आला, तरी मी कुणापुढे हात वर केला नाही. याचा मला अभिमान होता.

ऑगस्टमध्ये तो अभिमान मला भोवला. सकाळी न्याहारीच्या वेळी स्वयंपाकघरात पाय लटपटला आणि मी फरशीवर आडवा झालो. उठता येईना. खिडकी उघडी होती. शेजारची डोरीन हिंचक्लिफ मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. तिच्या चिमट्यांचा आवाज मला ऐकू येत होता, ती काय गुणगुणत होती तेही ऐकू येत होतं. मी हाक मारली नाही. धुणं वाळलं, तिने ते काढून आत नेलं, तरी मी गप्प. संध्याकाळी माझी मुलगी ग्लेनिस स्टॉकपोर्टहून आली तेव्हा मी तसाच होतो, आणि पुढचं सांगण्यासारखं नाही.

ग्लेनिस तिच्या नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर एकटीच राहते. बोलायला फटकळ, अगदी माझ्यावर गेलेली. त्या दिवशी तिने मला धुतलं, कपडे बदलले, चहा दिला, आणि मग टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "बाबा, माझ्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. चांगला आहे. तू तिथे येतोयस."

"मी या घरात जन्मलो," मी म्हणालो.

"आणि या घरात मरायला निघाला होतास."

बरीच वादावादी झाली. शेवटी असं ठरलं, की नाताळच्या आधी हॉस्पिटलच्या मिसेस पार्टिंग्टन घरी येऊन बघतील. मी एकटा राहू शकतो असं त्या म्हणाल्या, तर ग्लेनिस पुन्हा आश्रमाचं नाव काढणार नाही. नाही म्हणाल्या, तर मी मुकाट्याने सामान बांधायचं. मी हो म्हटलं खरं, पण तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. साधा कोट अंगात चढवता येत नव्हता मला. शाल पांघरावी तसा तो खांद्यावर टाकून फिरायचो.

त्याच अवतारात मी शाळेच्या दारात उभा राहिलो.

बालवर्गाची ती वेळ मधल्या सुट्टीची होती. चार-साडेचार वर्षांची वीस-बावीस पोरं जमिनीवर पसरली होती आणि त्यांच्यामध्ये मिस बूथरॉइड उभी होती. तिला मी तोंडओळखीने ओळखत होतो. सबंध गाव ओळखतं. उंच, हाडापेराने दणकट, पायात पुरुषी बूट, आणि आवाज असा, की आमच्या मागखात्यातही ऐकू गेला असता. ग्लेनिस तिच्या अगदी पहिल्या तुकडीतली. पण शाळेत नेणं-आणणं एडनाच करायची. मी त्या वर्गात पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ.

"काय आणलंत?" तिने विचारलं.

"परत आणलंय. मला कुणाच्या दानधर्माची गरज नाही."

"बरं. तिथे टेबलावर ठेवा, आणि तो दरवाजा जरा धरून ठेवा. वाऱ्याने आपटतोय."

मी चांगलं चार वाक्यांचं भाषण तयार करून गेलो होतो. ते तसंच राहिलं आणि मी दरवाजा धरून उभा राहिलो.

"कोट जमिनीवर!" मिस बूथरॉइड गरजली. "कोटाची टोपी पायाच्या बोटांपाशी! हात बाह्यांत! आणि..."

"हुप्प!" सगळी पोरं ओरडली. प्रत्येकाने जमिनीवर उलट्या पसरलेल्या कोटात वाकून हात घातले आणि डोक्यावरून मागे उडवला. क्षणात सगळे कोट अंगात. मी आ वासून बघत राहिलो. इतकी वर्षं मी कोट घालत आलो, पण कोट असाही घालता येतो हे मला माहीत नव्हतं.

एक पोरगी मात्र कोपऱ्यात बसून होती. बारकीशी, लाल केसांची, नाव जोडी. तिच्या कोटाची एक बाही आत वळली होती आणि ती दात-ओठ खाऊन तिच्याशी झटत होती. डोळ्यांत पाणी, पण तोंडातून चकार शब्द नाही.

"अहो, तिला मदत करा की," मी म्हणालो.

"तिने मागितली का?"

"मागितली नाही, पण दिसत नाही का..."

"दिसतंय. तिने मागितली की करीन." मग मिस बूथरॉइडने माझ्या खांद्यावर लटकलेल्या कोटाकडे नजर टाकली. "आणि तुम्ही कोट नेहमी असाच घालता का?"

"मला असाच आवडतो."

"आवडत असेल." ती पुन्हा पोरांकडे वळली. "उद्या दहाला या. पोरांचं वाचन ऐकायला मला माणूस हवाय."

"मी कशाला येऊ?"

"तुम्ही रिकामे आहात आणि मी नाही, म्हणून."

घरी येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना मी शाळेच्या दारात हजर होतो. का गेलो, ते आजही नीट सांगता येणार नाही. घरात घड्याळाची टिकटिक ऐकून कंटाळलो होतो, एवढं खरं.

मला बसायला दिली ती पोरांचीच खुर्ची. गुडघे हनुवटीला लागायचे. एकेक जण पुस्तक घेऊन यायचं, माझ्या धडक्या हातावर रेलायचं आणि चित्रांवर बोट ठेवून मनाला येईल ते वाचायचं. अक्षरं ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत फारशी कुणाला येत नव्हती. मला वाटायचं, ही बाई यांना शिकवते तरी काय? मग हळूहळू दिसायला लागलं. पहिल्या आठवड्यात जो पोरगा दुसऱ्याच्या डोक्यात लाकडी ठोकळा घालत होता, तो आता "तुझं झालं की मला देशील?" असं विचारून शेजारी मांडी घालून वाट बघत बसायचा. वाट बघताना त्याचा जीव खालीवर व्हायचा, पण बसायचा. नाक पुसायचं काम हळूहळू बाहीकडून रुमालाकडे गेलं. दूध ओतताना सांडलं तर फडकं कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक झालं. खेळात हरल्यावर जमिनीवर लोळण न घेता नुसतं तोंड फुगवून बसणं हीसुद्धा विद्या आहे, आणि माझ्या ओळखीच्या कित्येक मोठ्या माणसांना ती येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी मिस बूथरॉइडचा एकच नियम होता. मागितल्याशिवाय मदत नाही, आणि मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. हा नियम पोरांना लागू, तसाच मला. माझ्या हातून पुस्तक पडलं की ती शेजारी उभी राहून खुशाल खिडकीबाहेर बघायची. रंगाच्या बाटलीचं झाकण मी दातांनी उघडायला गेलो आणि हनुवटी निळी झाली, तेव्हाही तिने हूं की चूं केलं नाही. पोरं मात्र खिदळली. मी तणतणत घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी परत आलो.

"तुमचं काळीज दगडाचं आहे," मी एकदा तिला तोंडावर म्हणालो. मधली सुट्टी होती. आम्ही त्या टीचभर खुर्च्यांवर चहा पीत होतो. नोव्हेंबरातला बॉनफायरचा, म्हणजे गावोगाव शेकोट्या पेटवायचा आठवडा, म्हणून तिने घरून गुळचट आल्याचा केक, आमचं पार्किन, करून आणलं होतं. एका हाताने खाता यावेत म्हणून माझ्यासाठी तुकडे कापून आणले होते, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"असेल," ती म्हणाली. "सांगू तुम्हाला? मी या शाळेत आले तेव्हा वर्गात चाळीसच्या वर पोरं. तुमची ग्लेनिस त्यातलीच. मला काही म्हणता काही जमत नव्हतं. बार्न्स्लीची खाणकामगाराची पोर मी, आमच्या घरात रडगाणं गायची पद्धत नव्हती. रोज मधल्या सुट्टीत कागद-खडू ठेवायच्या कपाटात शिरायचे आणि तोंडात रुमाल कोंबून रडायचे. नाताळपर्यंत नोकरी सोडायची ठरवलं होतं."

"मग?"

"एक दिवस शिपाई खडू घ्यायला आला आणि मी कपाटात. तो म्हणाला, 'मिस, तुम्ही कुणाला विचारलंत का?' म्हटलं, काय विचारायचं? तो म्हणाला, 'हेच, की हे कसं करायचं.' मी विचारलंच नव्हतं हो कुणाला. मुख्याध्यापिका बाई शेजारच्या खोलीत बसलेल्या असायच्या." तिने बशीतले केकचे कण बोटाने टिपून खाल्ले. "एवढी साधी गोष्ट मला बाविशीपर्यंत कुणी शिकवली नव्हती. म्हणून मी पोरांना चौथ्या वर्षीच शिकवून टाकते. वाचन काय, आज ना उद्या येतंच."

त्या दिवशी घरी जाऊन मी दारं-पडदे लावले, कोट टेबलावर उलटा पसरला, आधी लुळा हात बाहीत सरकवला, मग धडका, आणि हुप्प केलं. कोटाने कपाटावरचं एडनाचं चिनी मातीचं कुत्रं खाली पाडलं. कुत्र्याचा कान गेला. कोट मात्र अंगात होता. मी आरशासमोर उभा राहून स्वतःकडे बघत राहिलो आणि मला हसूही आलं आणि रडूही आलं.

जोडीचं मात्र अवघड होतं. कोट ती घालायला शिकली, तासभर एकटीच झटून. पण मागायचं म्हटलं की तिचं तोंड शिवलेलं. शू लागली तरी सांगायची नाही. मग व्हायचं तेच व्हायचं. मिस बूथरॉइड तिला न रागावता मागच्या खोलीत न्यायची, टोपलीतली कोरडी चड्डी द्यायची, ओली पिशवीत घालायची. पोरं काही म्हणायची नाहीत, पण जोडी त्या दिवशी पुढे कुणाशीच खेळायची नाही. भिंतीकडे तोंड करून बसायची. फरशीवर पडलेल्या माणसाला तसं बसणं काय असतं ते कळतं.

नोव्हेंबर संपत आला होता. पोरं सतरंजीवर मांडी घालून गोष्ट ऐकत होती आणि मी मागे खुर्चीवर होतो. जोडी कडेला बसली होती, अर्धी माझ्याकडे वळलेली. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. कुणाला उद्देशूनही नव्हतं, आपल्याशीच चाललं होतं. गिरणीतल्या माणसाला ते वाचायला वेळ लागत नाही. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'मिस, मला जायचंय. मिस, मला जायचंय.' पाठ करत होती बिचारी. हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

मी मिस बूथरॉइडला खुणावू शकलो असतो. ती उठून जोडीला घेऊन गेलीही असती. पण मग मागायचं राहिलंच असतं. मला काय सुचलं कोण जाणे, माझा उजवा हात वर गेला. सबंध आयुष्यात पहिल्यांदा.

गोष्ट थांबली. सगळी पोरं मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

"बोला, मिस्टर क्राउदर," मिस बूथरॉइड म्हणाली.

माझे कान तापले होते. "मिस, मला शूला जायचंय. आणि मला या खुर्चीतून उठता येत नाही. कुणीतरी हात द्या."

एक पोरगा फिस्सकन हसला. मिस बूथरॉइडने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याचं हसू विरलं. ती आली, तिने मला काखेत धरून उठवलं. उठवताना तिच्या हाताने माझ्या दंडावर किंचित दाब दिला. मग ती वर्गाकडे वळून अगदी सहज म्हणाली, "मिस्टर क्राउदर चालले आहेत. आणखी कुणाला जायचंय?"

जोडीचा हात मांडीखालून निघाला. आधी खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर. "मला," ती म्हणाली. चांगलं ऐकू येईल असं म्हणाली.

"मुलींचं डावीकडे. पळ."

ती जी पळाली! आणि त्या दिवशी टोपलीतली चड्डी टोपलीतच राहिली. दुपारी ती माझ्याकडे पुस्तक घेऊन आली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुम्हाला परत लागली तर मला सांगा. मी मिसला सांगीन." मी तिचे आभार मानले. दुसरं काय करणार?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिसेस पार्टिंग्टन आल्या. ग्लेनिस सकाळीच आली होती. ती ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. तिचा चेहरा मला ओढलेला वाटला. मी समजलो, हिने आश्रमातली खोली पक्की करून ठेवलीय.

मी जिना चढून-उतरून दाखवला. किटली अर्धीच भरून चहा केला. कोट अंगात उडवला, तेव्हा मिसेस पार्टिंग्टन खुर्चीसकट मागे सरकल्या आणि ग्लेनिसचं तोंड उघडं पडलं. "हे काय, बाबा?" ती म्हणाली. मी मनातून फुगलो होतो.

"छान," मिसेस पार्टिंग्टन म्हणाल्या. "आता सांगा, तुम्ही ऑगस्टमध्ये पडलात तसे पुन्हा पडलात तर काय कराल?"

"हाक मारीन."

"नाही मारणार तो," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "विचारा त्याला. तो बोलतो फक्त. खिडकी उघडी होती आणि डोरीन बारा पावलांवर होती, तरी मारली नाही त्याने हाक. त्याला सगळं येत असेल हो, कोट घालता येत असेल, पण ते येत नाही. आणि मी तिकडे रोज रात्री जागी असते."

यावर बोलून उपयोग नव्हता. मी टेबलाला धरून खाली वाकलो आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो. मग आडवा झालो. ऑगस्टमध्ये जिथे पडलो होतो तिथेच. फरशी गार होती. ग्लेनिस पुढे यायला लागली तशी मिसेस पार्टिंग्टननी तिला हाताने थांबवलं.

"खिडकी उघड," मी म्हणालो.

ग्लेनिसने उघडली. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. खोटं सांगत नाही, गिरणीतला सगळ्यात अवजड माग हलवायला मला इतकं जड गेलं नव्हतं. मग डोळे मिटले आणि ओरडलो, "डोरीन! अगं डोरीन! मी पडलोय! ये ना जरा!"

पलीकडे काहीतरी खळकन फुटलं. दार आपटलं. डोरीन हिंचक्लिफ घरातल्या सपाता घालून, कोपरापर्यंत पिठाने भरलेल्या हातांनी माझ्या दारातून आत घुसली. तिला ही तपासणी वगैरे काही माहीत नव्हतं. तिने त्या दोघींकडे बघितलंही नाही. माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"कुठे लागलं? विल्फ, कुठे लागलंय?"

"कुठे नाही गं. नुसतं उठता येत नाहीये."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने पिठाच्या हाताने माझ्या छातीवर एक गुद्दा मारला. "मेल्या! ऑगस्टमध्ये मी तिथेच होते. त्या दोरीपाशी. किती महिने झाले, मी कपडे वाळत घालायला गेले की मला तेच आठवतं. दिवसभर तू इथे पडलेला आणि मी तिकडे गाणी म्हणतेय. मी आले नसते का?"

"आली असतीस," मी म्हणालो. "तू मला असं पडलेलं बघशील म्हणूनच नाही मारली हाक."

"मग आज बघतेय ना? झालं काय? आकाश कोसळलं?" ती रडत होती. मग तिने माझ्या काखेत हात घातले, ग्लेनिसवर ओरडली, "बघतेस काय, पाय धर!" आणि दोघींनी मिळून मला खुर्चीत बसवलं. माझ्या काळ्या कोटावर तिच्या दहाच्या दहा बोटांचे ठसे उमटले होते. मिसेस पार्टिंग्टन डोळे टिपून म्हणाल्या, की जो माणूस हाक मारतो त्याला घरातून हलवायचं कारण त्यांना दिसत नाही. डोरीन तेवढ्यात ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय म्हणत पळाली.

संध्याकाळी मी शाळेत गेलो. मिस बूथरॉइड शिडीवर उभी राहून नाताळच्या नाटकातला तारा टांगत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. मी खालून सगळं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणालो, "मिस, मी सत्तरीला आलो. मला माझं घर मिळालं ते तुमच्यामुळे. तुमचे आभार कसे मानायचे मला माहीत नाही." हे मी जसं म्हणालो तसंच इथे लिहितोय, कारण त्यातला एक शब्दही मला कमी करायचा नाही. तिने टाचण्या काढून हातात घेतल्या. तिचं नाक लाल झालं होतं. "मानलेत की," ती म्हणाली. "जानेवारीत नवीन सहा पोरं येतायत. एकालाही कोट घालता येत नाही. वेळेवर या."

पण त्याआधी, दुपारीच, एक गोष्ट घडली होती, आणि ती मी मिस बूथरॉइडला सांगितली नाही.

मिसेस पार्टिंग्टन गेल्यावर ग्लेनिसने कप विसळले, पुसले, पुन्हा विसळले. मग गाडीची किल्ली घेऊन दाराशी गेली आणि तिथेच थांबली. माझ्याकडे पाठ होती तिची.

"बाबा, मला जानेवारीत ऑपरेशन करायचंय," ती म्हणाली. "बायकांचं असतं ते. घाबरण्यासारखं नाही म्हणतात. जुलैतच सांगितलं डॉक्टरांनी, मी पुढे ढकलत होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू जवळ असतास तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. आश्रम घराच्या मागेच आहे. म्हटलं, तू तिथे आलास की आपोआप..." ती वळली. चाळिशीची बाई, पण वर्गातल्या कुठल्याही पोरीसारखी तिची हनुवटी थरथरत होती. आपणहून मदत करायला पुढे झालो नाही. मी थांबलो, कारण आता मला ते येत होतं.

"मी एकटी घाबरतेय, बाबा," ती म्हणाली. "येऊन राहशील का थोडे दिवस? नुसता बाजूला बस."

"येतो," मी म्हणालो. "पण मला न्यायला ये. आणि गाडीत बसताना हात दे."

"देईन की," ग्लेनिस म्हणाली.